ऑगस्टमधला धूर

सभा ऑगस्टमध्ये घ्यायची हे मी ठरवलं. तारीख कागदावर मी लिहिली, कागद चर्चच्या दारावर मी चिकटवला आणि घंटाही मीच वाजवली. त्यामुळे बियार्मेदोत असं कसं झालं म्हणून कुणी विचारलं, तर मला माद्रिदच्या सरकारकडे बोट दाखवता येत नाही, युरोपकडे दाखवता येत नाही आणि आमच्या खोऱ्याच्या विकास गटाकडे तर नाहीच नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की गाव तुमचं आहे, तुम्हीच ठरवा. आम्ही ठरवलं.

बारा वर्षं मी गावाची अध्यक्ष आहे. हे काम कुणाला नको होतं म्हणून माझ्याकडे आलं आणि आता माझ्याकडून कुणी घेत नाही. नवरा गेला, गाई विकल्या, तेव्हा लोकांना वाटलं, ओनोरिनाला आता काय, वेळच वेळ. हिवाळ्यात बियार्मेदोत सात घरं उघडी असतात, ऑगस्टमध्ये तीस. फेब्रुवारीत पावाच्या गाडीचा हॉर्न ऐकला तरी पाहुणा आल्यासारखं वाटतं, आणि ऑगस्टमध्ये त्याच चौकात गाडी वळवायला जागा नसते.

आमच्याकडे सभेत मत माणसाला नसतं, धुराड्याला असतं. एक धुराडं, एक मत. सभेच्या दिवशी सकाळी अध्यक्षाने चर्चच्या ओट्यावर उभं राहून धूर मोजायचा आणि मग घंटा वाजवायची. ज्याच्या छपरावर धूर नाही त्याला मत नाही आणि बोलायचा हक्कही नाही. त्याने उंबऱ्याबाहेर उभं राहून ऐकावं. जुन्या लोकांनी हे साधा विचार करून ठरवलं होतं. जो इथे चूल पेटवतो, दारातलं बर्फ उपसतो, त्याने इथल्या रानाचं आणि पाण्याचं ठरवावं. धूर कोणत्या महिन्यातला हे काही त्यांनी सांगून ठेवलं नाही. त्यांना गरजच नव्हती. ज्याचा धूर ऑगस्टमध्ये, त्याचाच जानेवारीत.

आता सभा उन्हाळ्यात आली की गंमत बघावी. बिल्बाओ, माद्रिद, बार्सेलोनाहून आलेली माणसं अर्ध्या चड्ड्यांवर, तेहतीस अंशांच्या उकाड्यात, वर्षभर थंड पडलेल्या चुली फुंकत बसतात. ओली लाकडं, तुंबलेली धुराडी. कुणी वर्तमानपत्रं जाळतं, कुणी मांस भाजायचा कोळसा चुलीत घालतं. "धूर खिडकीतून निघाला तर चालेल का?" असं एकाने मला विचारलं होतं. मी म्हटलं, "तुझ्या कानातून निघाला तरी चालणार नाही. धुराड्यातूनच पाहिजे." सगळे हसले, मीही हसले. इतकी वर्षं आम्हाला ते गमतीचंच वाटत होतं.

नोएलिया आणि वाल्टर गावात आले त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. नोएलिया पोन्फेर्रादाची, म्हणजे आमच्याच बाजूची, वाल्टर बोलिव्हियाचा. तो वणवा विझवणाऱ्या तुकडीत. ती आसपासच्या सहा गावांत घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची, त्यांच्या गोळ्या बघायची, नखं कापायची. आमची देल्फिनाआजी एक्याण्णव वर्षांची, तिच्याकडे आठवड्यातून तीनदा. त्यांची थोरली आरोआ सात वर्षांची. धाकटी लारा इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात झाली. बियार्मेदोत सव्वीस वर्षांनी मूल झालं. खरं तर झालं शहरातल्या इस्पितळात, पण घरी आणलं त्या दिवशी मी घंटा वाजवली आणि देल्फिनाआजी काठी टेकत टेकत अंडी घेऊन गेली.

ते माझ्या भावाच्या घरात भाड्याने राहायचे. भाऊ म्हणजे बेलार्मिनो, चाळीस वर्षं बिल्बाओत लोखंडाच्या कारखान्यात होता, आता निवृत्त. करार सप्टेंबर ते जून. जुलै-ऑगस्टमध्ये बेलार्मिनोला घर लागायचं, मग ही चार माणसं आपलं बिऱ्हाड उचलून गिरणीच्या कुरणात, एका जुन्या कॅराव्हॅनमध्ये जाऊन राहायची. तुम्ही म्हणाल, दुसरं घर बघायचं. बियार्मेदोत बंद घरं तेवीस होती आणि भाड्याने द्यायला एक नव्हतं. मी स्वतः फोन केले. "अहो ओनोरिना, आम्हाला ऑगस्टला लागतं ना." "आईचं सामान आहे त्यात." "मुलांच्या आठवणी आहेत हो." अकरा महिने घर उंदरांना द्यायचं, पण माणसाला नाही! मी फोन ठेवायचे आणि भिंतीला शिव्या द्यायचे.

जूनमध्ये विकास गटाची ओल्गा आली. ही पोरगी सात वर्षं आमच्या खोऱ्यातली चाळीस गावं पालथी घालतेय. गाडीत मागच्या सीटवर कागदांचे गठ्ठे आणि चिखलाचे बूट. तिच्या गटाची रीतच अशी की काय करायचं ते वरून सांगायचं नाही. गावाने सभा घ्यावी, एक काम निवडावं, ठराव द्यावा, मग युरोपचा पैसा त्या कामाला येतो.

"या वेळी नीट ऐका, मावशी," ती म्हणाली. "ही फेरी कदाचित शेवटची. पुढचं कुणालाच माहीत नाही. म्हणतात, आता सगळं मोठ्या कचेऱ्यांतून ठरणार. मग बियार्मेदोला कोण विचारतंय?"

"आत्ता तरी कोण विचारतंय?"

"मी विचारतेय की. मास्तरांच्या घराचं काय करायचं?"

मास्तरांचं घर गावाच्या मालकीचं. शाळा बंद झाली तेव्हापासून रिकामं. दगडी भिंती धडधाकट, छप्पर अर्धं खचलेलं. ते दुरुस्त करून नोएलिया आणि वाल्टरला कायमचं राहायला द्यायचं, हे ओल्गा आणि मी हिवाळाभर बोलत होतो. पलीकडच्या सोतिएलोच्या शाळेत आरोआ धरून चारच मुलं होती. एक कमी झालं की ती शाळाही बंद. एकदा मी नोएलियाला ते घर आतून दाखवायला नेलं होतं. ती भिंतीवर हात फिरवत म्हणाली, "मावशी, इथे खिळा ठोकला तर जुलैत काढावा नाही ना लागणार?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे मला ठाऊक होतं. मला सगळं ठाऊक होतं, हे आधीच सांगून टाकते.

"ठराव सप्टेंबरअखेर द्यायचाय," ओल्गा म्हणाली. "मी तुमच्या जागी असते तर सभा वीस सप्टेंबरच्या सुमाराला घेतली असती."

"का गं?"

"का ते तुम्हाला माहितेय."

माहीत होतंच. सप्टेंबरात गावात सात धुराडी, आणि त्यातलं एक नोएलियाचं. पण मी म्हटलं, "गावाचं भवितव्य ठरवायचं आणि गाव नसताना? लोक म्हणतील, ओनोरिनाने चोरून सभा घेतली."

"कोण म्हणेल?"

मी विषय बदलला. म्हणणारा त्याच आठवड्यात फोनवर आला.

"ओनोरी, ऐकतोय ते खरं का? मास्तरांचं घर देऊन टाकताय म्हणे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"बिल्बाओत मला बियार्मेदोची खबर तुझ्याआधी लागते. सभा कधी?"

"सप्टेंबरात बघू म्हणतेय."

"म्हणजे आमची पाठ फिरल्यावर! वा गं वा. आम्ही आता परके का? त्या घराच्या छपरावर बाबांनी फरशा चढवल्यात, विसरलीस? सान रोकेच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी घे. तेव्हा सगळे असतात."

सगळे असतात. हे दोन शब्द मला लागले. माझ्या हिवाळ्यातल्या सभेला सहा-सात जण, त्यातले दोन बहिरे. लहानपणी वडिलांबरोबर मी भरलेली सभा पाहिली होती, बाकांवर जागा नाही, खिडक्यांत माणसं, अध्यक्ष बोलायला उठला की टाचणी पडली तरी ऐकू यावी. मला एकदा तशा सभेपुढे उभं राहायचं होतं. हे मी ओल्गाला सांगितलं नाही आणि पाद्रीलाही सांगितलं नाही. शिवाय भाऊ. सहा भावंडांतले आम्ही दोघंच उरलो. तो रुसला की महिनोन्‌महिने फोन करत नाही, आणि हिवाळ्यातल्या रविवारी त्याचा फोन आला नाही की मला घर खायला उठतं. मी कागद काढला आणि लिहिलं: सतरा ऑगस्ट, सकाळी अकरा.

सतराला दहाच्या सुमाराला मी ओट्यावर उभी राहिले. हवा पडलेली, आदल्या दिवसाच्या जत्रेच्या पताका लोंबत होत्या. खालच्या आळीत खोकल्यांची माळ लागली होती. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत देखणा धूर बेलार्मिनोच्या छपरावर. सरळ, पांढरा, कोरड्या लाकडाचा. ती लाकडं वाल्टरने मार्चमध्ये फोडून, भिंतीला लावून रचून ठेवली होती, पुढच्या हिवाळ्यासाठी. याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा माझा भाऊ होता.

गिरणीकडून नोएलिया चढून वर आली, लारा कडेवर.

"मावशी, आमचा मोजलात का?"

"कुठला गं?"

"कुरणातला. कॉफी ठेवलीय गॅसवर. मस्त वाफा निघतायत."

"तुम्हाला धुराडं नाही, पोरी."

"होतं की. जानेवारीच्या सभेत तुम्हीच मोजलंत. ते तुमच्या भावाने नेलंय ना परत."

ती हसत म्हणाली म्हणून मीही हसले. "नियम आहे. मी केलेला नाही," मी म्हटलं.

"असू दे. निदान बोलता तरी येईल ना? दोन मिनिटं. मी लिहून आणलंय."

"बघू या."

त्या वेळी मी एक बोट जास्त दुमडलं असतं, तर कुणाच्या बापाला कळणार होतं? एकोणतीसच्या जागी तीस. मी एकोणतीस मोजले आणि घंटा वाजवली.

सभा शाळेच्या जुन्या खोलीत होती. बाकं भरली, खिडक्या भरल्या. माझ्या मनात होतं तसंच सगळं झालं, आणि मला किती आनंद झाला म्हणून सांगू. मास्तरांच्या घरात कुटुंब ठेवायचा विचार मी आधी मांडला. मी अध्यक्ष, उगाच कुणाची बाजू घेतल्यासारखं दिसू नये म्हणून कोरडेपणाने मांडला, पाण्याच्या पाइपाची सूचना वाचावी तसा. मग बेलार्मिनो उठला.

त्याला बोलता येतं, हे मान्य करायला हवं. तो म्हणाला, मास्तरांच्या घरात आपण बियार्मेदोचं आठवणींचं घर करू या. नांगर, जू, दुधाच्या बरण्या, मास्तरांचा फळा, आपल्या आयांनी विणलेल्या घोंगड्या, सगळं माळ्यावर कुजतंय. बाबांचा विळा दाखवायला तो घेऊन आला होता. विळा हातात धरून तो रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं. कारखान्याच्या चाळीस वर्षांत तो रोज मनाने इथेच राहिला होता. बायका डोळे पुसायला लागल्या. माद्रिदला राहणारी एक बाई उठून म्हणाली, "आमच्या मुलांना कळलं पाहिजे, गावात माणसं कशी राहायची."

"राहायची नाही, राहतात!" दाराकडून आवाज आला.

नोएलिया उंबऱ्याबाहेर उभी होती, पाय रेषेच्या पलीकडे नीट जुळवून. हातात घडी घातलेला कागद. मागे वाल्टर, तुकडीच्या पिवळ्या सदऱ्यातच. तो रात्रपाळी करून आला होता.

"नोएलिया, बाहेरून बोलायचं नाही," मी म्हटलं.

"मावशी, फक्त दोन मिनिटं..."

"बोलू द्या की तिला," कुणीतरी म्हणालं.

"मग उद्या कॅम्पिंगवाले येतील बोलायला," दुसरा म्हणाला. थोडे हसले.

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला माझा आवाज आवडला. वडिलांसारखा वाटला. नोएलियाने कागदाची आणखी एक घडी घातली आणि वाल्टरने तिच्याकडून लाराला घेतलं.

हात वर झाले. आठवणींच्या घरासाठी एकवीस. कुटुंबासाठी सात: चार हिवाळ्यातले आणि तीन उन्हाळ्यातले, ज्यांना थोडी लाज होती. देल्फिनाआजीचा हात एकवीसमध्ये होता. तिच्या नवऱ्याचा नांगर दारासमोरच ठेवू असं बेलार्मिनोने तिला कबूल केलं होतं. अध्यक्षाचं मत शेवटी. निकाल तर लागलाच होता, माझ्या हाताने काही बदलणार नव्हतं. म्हणून मी भावाच्या बाजूने वर केला. काय बिघडतं, तो खूश होईल, असं वाटलं. बाविसावा हात. नोएलियाने तो पाहिला. बाकीचे एकवीस तिने पाहिले की नाही, मला माहीत नाही.

बाहेर पडताना देल्फिनाआजीने तिच्या दंडाला धरलं. "उद्या येशील ना गं? केस धुवायचेत."

"येते, आजी," नोएलिया म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी ती गेलीही.

सप्टेंबरच्या एक तारखेला बेलार्मिनोने घराची किल्ली माझ्याकडे दिली, नेहमीसारखी, नोएलियाला द्यायला. ती घ्यायला कुणी आलं नाही. चार तारखेला कॅराव्हॅन कुरणातून निघाली. खिंडीच्या पलीकडे कास्त्रिएल म्हणून गाव आहे, आमच्याहून लहान. तिथल्या लोकांनी पाद्रीचं रिकामं घर त्यांना दिलं होतं. जाताना वाल्टर माझ्या दारात थांबला.

"मावशी, बेलार्मिनोकाकांच्या भिंतीला लाकडं आहेत. अर्धी उरलीत. तुम्ही वापरा."

"तुझी आहेत ती, घेऊन जा."

"तिकडे दिलीत लोकांनी," तो म्हणाला.

ठराव टाइप करायला ओल्गा आली. काही न बोलता टाइप करत होती, आणि ते मला सोसेना.

"बोल की काहीतरी. शिव्या दे."

"माझं काम ऐकायचं आहे, मावशी. गाव बोललं, मी ऐकलं."

"ते गाव नव्हतं."

"मग त्या दिवशी घंटा कुणासाठी वाजवलीत?" तिने विचारलं आणि सही करायला कागद पुढे केला.

पुढचं भराभर झालं. नाताळच्या सुट्टीनंतर सोतिएलोची शाळा उघडलीच नाही. नोएलियाच्या जागी दुसरी बाई यायची, पण ती शहरातून, बर्फ पडलं की नाही. देल्फिनाआजी फेब्रुवारीत न्हाणीघरात पडली आणि पुतण्याने तिला लेओनच्या वृद्धाश्रमात ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा तिने विचारलं, "माझं डोकं धुवायला ती पोरगी का येत नाही? मी काही बोलले का तिला?" मी म्हटलं, नाही आजी, तू काही बोलली नाहीस.

मार्चमध्ये बेलार्मिनोचा फोन. "भाडेकरू मिळाला का गं कुणी? बंद घराला वास मारतो."

"नाही."

"बघ, मला वाईटच वाटलं त्या पोरांचं. पण तिने एकदा मोकळेपणाने सांगायचं तरी."

"ती सांगत होती, बेलार्मिनो. मी बोलू दिलं नाही."

तो हवापाण्याचं बोलायला लागला. त्यानंतर दोन रविवार फोन आला नाही. मला वाटलं होतं तेवढं काही घर खायला उठलं नाही.

आठवणींचं घर झालं, आणि चांगलं झालं, उगाच नावं कशाला ठेवू. नवं छप्पर, दुहेरी काचांच्या खिडक्या, जुन्या लाकडाला ओल लागू नये म्हणून रात्रंदिवस चालणारं यंत्र. पुढच्या ऑगस्टमध्ये उद्घाटन, नांगर दारासमोर. एकतीस तारखेला शेवटची गाडी गेली आणि किल्ली माझ्याकडे आली. आता बियार्मेदोतलं सगळ्यांत कोरडं, सगळ्यांत उबदार घर ते. मी सोमवारी जाऊन धूळ पुसते. फळ्यावर मास्तरांसारखं अक्षर काढून कुणीतरी तारीख लिहिलीय, ती पुसू नकोस असं बेलार्मिनोने बजावलंय.

त्या ऑक्टोबरात, एका सोमवारी घोंगड्या झटकताना, मला एकदम सुचलं. माझ्या घराचा वरचा मजला! दोन मोठ्या खोल्या, दक्षिणेकडच्या, जिना बाहेरून वेगळा, न्हाणीघर सुद्धा आहे. आरोआ आता शाळेला कास्त्रिएलहून जाते, इकडून फार तर वीस मिनिटं जास्त. मी घरी गेले आणि आठवडाभर राबले. भिंतींना चुना दिला, गाद्या उन्हात टाकल्या, स्टोव्हची नळी साफ केली. बारा वर्षांत इतकी खूश मी कधी झाले नव्हते. वरातीमागून घोडं, हे कळत होतं, पण घोडं तरी होतं.

शनिवारी गाडी काढून मी खिंड ओलांडली. कास्त्रिएलमध्ये विचारायची गरज पडली नाही, आरोआ अंगणात अक्रोड वेचत होती, मला बघून "ओनोरिनामावशी!" करून ओरडली. वीतभर उंच झाली होती. आत नोएलिया चेस्टनट भाजत होती, भोकं पाडलेल्या जुन्या तव्यात. तिने मला मिठी मारली, खुर्ची दिली, देल्फिनाआजीची चौकशी केली. भिंतीवर फोटो, मुलींची चित्रं, वाल्टरच्या आईची एक रंगीत शाल. खिळ्यांची काही कमी नव्हती.

"इथे बरं चाललंय?" मी विचारलं.

"छपराला गळती आहे. वाल्टर म्हणतो, उन्हाळ्यात बघू. गेल्या आठवड्यात सभा झाली. आठ जण होतो. मला म्हणाले, तू शाळेच्या गाडीचं बोल." ती हसली. "मला बोलायची सवयच राहिली नव्हती."

मी खाली बघितलं. मग धीर करून बोलले. सगळं सांगितलं: दोन खोल्या, ऊन, वेगळा जिना, स्टोव्ह. भाडं नको. करार कायमचा, जुलै नाही, ऑगस्ट नाही, कधीच बाहेर पडायचं नाही. सभेत तुमचा धूर मी स्वतः मोजेन, असंही म्हटलं.

नोएलियाचा चेहरा खरंच उजळला. माझ्यासाठी उजळला, हे मला नंतर कळलं.

"अय्या मावशी, किती केलंत! आणि या वयात बांधकाम काढलंत?"

"बांधकाम कसलं?"

"नाही, वरच्या खोल्या. आत्ता बांधल्यात ना? या वर्षात?"

ती टोमणा मारत नव्हती. तव्यातले चेस्टनट हलवत ती माझ्याकडे बघत होती, आणि तिला मनापासून वाटत होतं की खोल्या नव्या आहेत. आधीच्या असत्या तर मावशीने तेव्हाच दिल्या असत्या, तीन उन्हाळे लेकरांना घेऊन आपल्याला कुरणात राहू दिलं नसतं, इतका साधा हिशेब. माझ्याबद्दल असा विचार करणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं असेल. हो म्हणावं, असं क्षणभर माझ्या तोंडावर आलं होतं.

"नाही गं," मी म्हटलं. "होत्याच त्या. पहिल्यापासून."

तिचा हात थांबला.

"रुबेनसाठी ठेवल्या होत्या. माझ्या मुलासाठी. तो बार्सेलोनाला असतो."

"येतो का तो?"

"पाच दिवस," मी म्हटलं. "ऑगस्टमध्ये."

तव्यातून जळका वास यायला लागला तेव्हा तिने तो खाली उतरवला. जे करपले नव्हते ते वेचून एका ताटलीत घातले आणि ताटली माझ्यापुढे ठेवली. "खा, मावशी," ती म्हणाली, "गरम आहेत तोवर." मी एक सोलायला घेतला, पण मला तो सोलता येईना.